'सीम्स', 'लुक्स' आणि 'इम्प्रेशन' : नवी पेठेतील एका इंग्रजी लेखनवर्गाचे परीक्षण

सोलापुरात इंग्रजी शिकविणाऱ्या वर्गांची वाण नाही. सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत जागोजागी एखादी पाटी दिसतेच, आणि त्यांतील बहुतेक पाट्या काही महिन्यांत अस्खलित बोलता येईल असे आश्वासन देतात. नवी पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरणारा हा वर्ग तसले कोणतेही आश्वासन देत नाही. लेखी इंग्रजीत आपले मत, अंदाज, शंका आणि एखाद्या वस्तूची किंवा माणसाची मनावर उमटलेली छाप कशी मांडावी, एवढा एकच विषय येथे दर रविवारी सकाळी दोन तास, असे दोन महिने शिकवला जातो. वर्गाला पाटी नाही आणि जाहिरातही नाही. कारखान्यांतून परदेशी पत्रव्यवहार सांभाळणारी माणसे एकमेकांना सांगतात आणि तेवढ्यावर बाके भरतात. शिकविणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक असून त्यांना प्रसिद्धीची हौस नाही, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याचा निर्यात पत्रव्यवहार मी पाहतो. पुढील परीक्षण मुख्यतः त्या नजरेने केलेले आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

एवढ्या अरुंद विषयासाठी स्वतंत्र वर्ग कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर सोलापूरच्या धंद्यातच आहे. येथील टेरी टॉवेल परदेशात जातो, पण तो विणणारा आणि वापरणारा कधी समोरासमोर येत नाहीत. रंगाची छटा, पोत, वजन, काठाची शिवण यांविषयीचे सगळे बोलणे ईमेलवर होते आणि त्या ईमेलमध्ये तीन प्रकारच्या विधानांची सरमिसळ झालेली असते. काही गोष्टी मोजलेल्या असतात, काही नुसत्या पाहिलेल्या असतात आणि काही इकडचे तिकडचे जोडून काढलेले तर्क असतात. मराठीत बोलताना आपण हा फरक विचार न करताही राखतो. 'रंग उतरलेला दिसतो', 'रंग उतरला असावा', 'रंग उतरला म्हणे' आणि 'रंग उतरेलसे वाटत नाही' ही चार वाक्ये कारखान्यातील रंगाई सांभाळणारा कोणताही डाइंग मास्टर चार वेगळ्या प्रसंगी बिनचूक वापरील. तोच माणूस इंग्रजी लिहायला बसला की चारही वाक्यांच्या आरंभी 'आय थिंक' येते. किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच येत नाही, आणि केवळ अंदाज म्हणून मनात असलेली गोष्ट निर्णयाच्या थाटात ग्राहकाच्या टेबलावर जाऊन पडते.

सरांच्या शिकवण्याचा पाया या जागी आहे, आणि तो मला पक्का वाटला. त्यांचे म्हणणे असे की मत व्यक्त करणाऱ्या इंग्रजी वाक्प्रयोगांना समानार्थी समजून पाठ करू नये. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत. हे कशावरून म्हणतो आहोत, हा पहिला; आणि ते खोटे ठरले तर ते कोणाच्या अंगावर येणार, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे ठरली की वाक्प्रयोगांची निवड बहुधा आपोआप होते. शब्दकोशात 'सीम', 'अपिअर' आणि 'लुक' यांचे अर्थ एकमेकांच्या आधाराने दिलेले असतात, त्यामुळे शब्दकोश उघडून बसणारा विद्यार्थी फिरून त्याच शब्दावर येतो. या वर्गात तसे होत नाही.

आरंभीच्या तासाला त्यांनी जे केले ते सोलापूरबाहेर कदाचित इतके सहज जमले नसते. फळ्यावर त्यांनी मराठीतील 'मला वाटते' लिहिले, शहराच्या पूर्वभागातून आलेल्या एका तरुणीकडून तेलुगूतील 'नाकु अनिपिस्तोंदि' लिहून घेतले, अक्कलकोटकडच्या एका गृहस्थांकडून कानडीतील 'ननगे अनिसुत्तदे' आणि शेवटच्या बाकावरून दखनीतील 'मेरेकू लगता'. चारही भाषांत माणूस कर्ता नाही. वाटणे त्याच्याकडे येते, तो ते फक्त स्वीकारतो. 'आय थिंक' म्हणताना मात्र माणूस कर्ता होऊन पुढे उभा राहतो, आणि आपण न मागितलेली जबाबदारी आपल्या नावावर चढते. इंग्रजीत जुनी पद्धत अगदीच मेलेली नाही. जुन्या इंग्रजीत 'विचार करणे' आणि 'वाटणे' यांसाठी दोन निराळी क्रियापदे होती, ती पुढे उच्चाराने जवळ येत एकात मिसळली आणि दुसऱ्याचा अवशेष 'मीथिंक्स' या आता केवळ गमतीने वापरल्या जाणाऱ्या शब्दात उरला. त्यातले 'मी' म्हणजे आपले 'मला'च. 'इट सीम्स टु मी' आणि 'इट स्ट्राइक्स मी' या रचना त्याच घडणीच्या आहेत, म्हणून आपल्याकडच्या माणसाला त्या खरे तर 'आय थिंक'पेक्षा सोप्या जाव्यात. त्या जात नाहीत, कारण शाळेत आपल्याला कर्ता, क्रियापद, कर्म या क्रमाचीच सवय लावली जाते. हा भाग सरांनी लवकर आटोपला. माझ्या मते तो आणखी चालायला हवा होता.

त्यानंतर वर्ग हाताळण्याच्या वस्तूंवर येतो, आणि तेथे तो सर्वांत चांगला आहे. टॉवेलचे लहान तुकडे बाकांवरून फिरवले जातात आणि प्रत्येकाने त्यावर एक इंग्रजी वाक्य लिहायचे असते. 'द टॉवेल फील्स हार्श' आणि 'आय फील द टॉवेल इज हार्श' ही दोन वाक्ये बहुतेकांनी एकच मानून लिहिली होती. पहिल्यात हात लावल्यावर कळलेला कापडाचा गुण आहे. दुसऱ्यात लिहिणाऱ्याचे मत आहे, आणि ते हात न लावताही असू शकते. तक्रारीला उत्तर देताना या दोहोंतील अंतर फार मोठे ठरते, कारण पहिल्या वाक्यावर 'कोणत्या धुलाईनंतर?' असे विचारता येते आणि दुसऱ्यावर काहीच विचारता येत नाही. त्याच ओघात 'आय फील लाइक'चाही समाचार घेतला गेला. त्याच्यापुढे नाम किंवा 'इंग' लावलेले क्रियापद आले की तो इच्छा सांगतो, चहा प्यावासा वाटतो तसा. पूर्ण वाक्य आले की तो बोलीतले मत सांगतो. व्यापारी पत्रात दोन्हींना काम नाही.

'लुक्स' डोळ्यांचा आणि 'साउंड्स' कानांचा, ही शाळकरी वाटणी सरांनी मोडून काढली ते बरे झाले. पत्रातून वाचलेला प्रस्तावसुद्धा 'साउंड्स रीझनेबल' असू शकतो, कारण तेथे कान म्हणजे दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट. आणि 'इट लुक्स लाइक वुई विल मिस द व्हेसल' या वाक्यात कोणी काही डोळ्यांनी पाहत नाही. समोर असलेल्या परिस्थितीवरून निघणारा तर्क तेवढा आहे. अशा ठिकाणी पूर्ण वाक्य जोडायचे झाल्यास औपचारिक लेखनात 'लुक्स लाइक'ऐवजी 'लुक्स अ‍ॅज इफ' अधिक शोभते, हेही त्यांनी सांगितले. अमेरिकी ग्राहकांच्या पत्रांत 'लाइक' सर्रास दिसतो, आणि तो त्यांनी लिहिला म्हणून आपणही लिहिलाच पाहिजे असे नाही.

रंगाच्या बाबतीत 'लुक्स' किती जपून वापरावा लागतो, हे मात्र वर्गात आलेल्या कारखान्यांतील लोकांनीच सरांना समजावून सांगितले, आणि त्यांनी ते मोकळेपणाने ऐकून घेतले. दोन नमुन्यांचा रंग दिवसाच्या उजेडात तंतोतंत जुळतो आणि दुकानातील ट्यूबलाइटखाली वेगळा पडतो, हा अनुभव टॉवेलच्या धंद्यात रोजचा आहे. म्हणूनच कारखान्यांत प्रकाशपेटी असते. तिच्यात दिवसाच्या उजेडासाठी 'डी 65' आणि दुकानातील उजेडासाठी 'टीएल 84' असे दिवे असतात. दिव्याचे नाव न लिहिता 'द शेड लुक्स डार्कर' असे लिहिणे म्हणजे अर्धे वाक्य लिहिणे. रंगातील फरक जोखण्याच्या करड्या पट्टीवर 1 ते 5 अशी श्रेणी मिळाल्यावर तर 'लुक्स'ही नको आणि 'सीम्स'ही नको, सरळ श्रेणी लिहावी. वजनाचेही तसेच आहे. 100 चौरस सेंटिमीटरची गोल चकती कापून तिचे ग्रॅममधील वजन 100 ने गुणले की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन, मिळतो; चकती 4.8 ग्रॅम भरली तर टॉवेल 480 चा आहे. 'द जीएसएम सीम्स टु बी 480' असे लिहिणारा माणूस नम्र नसतो, तो काटा न पाहिलेला माणूस दिसतो. जे मोजता येते त्यावर छापेची भाषा चढवू नये, हे सरांनी त्या दिवशी फळ्यावर लिहिले आणि तासभर पुसले नाही.

'सीम' आणि 'अपिअर' यांच्यातील फरकावर बरीच पाने खर्च करणारी पुस्तके मी पाहिली आहेत. येथे तो अर्ध्या तासात उरकला आणि तरी डोक्यात राहिला. 'अपिअर' बाहेरून दिसणाऱ्या, इतरांनाही पडताळता येणाऱ्या गोष्टींकडे झुकतो आणि जरा औपचारिक असतो. 'सीम' तेही काम करतो आणि शिवाय मनातले, भावनेतलेही सांगू शकतो. म्हणून 'इट सीम्स अ पिटी' म्हणता येते, 'इट अपिअर्स अ पिटी' कानाला खटकते. वर्गातील एका परिचारिकेला परदेशी नोकरीच्या परीक्षेसाठी रुग्णाविषयी पत्र लिहावे लागते. तिच्यासाठी हा भेद लगेच कामाला आला. रुग्ण दम लागलेला दिसला तर 'अपिअर्स ब्रेथलेस', आणि दम लागतो असे त्याने स्वतः सांगितले तर 'रिपोर्ट्स'. दोन्ही ठिकाणी 'सीम्स' घातला तर वाचणाऱ्या डॉक्टरला कोणी काय पाहिले ते कळत नाही. 'वूड' लावून 'इट वूड अपिअर' केले की विधान आणखी एक पाऊल मागे सरते, आणि ब्रिटिश पत्रांत ते पाऊल कित्येकदा सौजन्याचे नसून चिमट्याचे असते. ही शेवटची गोष्ट पुस्तकी व्याकरणात क्वचितच सापडते.

वर्गाचा गाभा 'इम्प्रेशन' या शब्दाभोवती आहे, आणि केवळ या भागासाठीही शुल्क भरावे असे मी म्हणेन. आपल्या बोलीत हा शब्द आधीच येऊन बसलेला आहे आणि त्याने येथे वेगळाच स्वभाव धारण केला आहे. आपण 'त्याचे चांगले इम्प्रेशन पडले' म्हणतो, 'उगाच इम्प्रेशन मारतो' म्हणतो. दोन्हींत भपका आहे. इंग्रजीत तो भपका फक्त 'मेक अ‍ॅन इम्प्रेशन ऑन' या एका रचनेत आढळतो. बाकीच्या रचनांत 'इम्प्रेशन' म्हणजे अपुऱ्या खुणांवरून मनात झालेला समज, आणि क्रियापद बदलले की त्या समजाची जातकुळी बदलते. 'आय गेट द इम्प्रेशन' म्हणणारा माणूस एखाद्या भेटीत किंवा पत्रात जाणवलेल्या खुणांविषयी बोलत असतो, आणि समोरच्याने स्पष्ट न सांगितलेली गोष्ट आपण ओळखली आहे असे सुचवतो. 'आय हॅव द इम्प्रेशन'मध्ये तोच समज काही काळ मुरलेला असतो. 'गिव्ह द इम्प्रेशन'चा कर्ता दुसरा असतो, आणि त्यात वरवर दिसते ते आत नसेल असा संशय बहुधा डोकावतो. 'लीव्ह'मध्ये माणूस निघून गेल्यानंतर मागे राहिलेला ठसा असतो. आणि 'डू अ‍ॅन इम्प्रेशन ऑफ' म्हणजे चक्क नक्कल करणे. हे कळल्यावर वर्गात बराच वेळ हशा चालला होता, कारण एका महाविद्यालयीन तरुणाने आपल्या अर्जाच्या मसुद्यात नेमकी तीच रचना वापरून मुलाखत घेणाऱ्यांची नक्कल करण्याची इच्छा लिहून ठेवली होती.

या कुटुंबातील सर्वांत धारदार सदस्य 'अंडर द इम्प्रेशन' आहे. वर्तमानकाळात 'वुई आर अंडर द इम्प्रेशन' लिहिणारा आपला समज मांडतो आणि तो चुकीचा असल्यास दुरुस्त करण्यास वाव ठेवतो. भूतकाळात 'वुई वेअर अंडर द इम्प्रेशन' आले की समज खोटा ठरला आहे, असे जवळजवळ गृहीत धरावे. परदेशी ग्राहक लिहितो, 'वुई वेअर अंडर द इम्प्रेशन दॅट द बॉर्डर वूड बी डॉबी.' आमच्या धंद्यातील पुष्कळ कार्यालयांत हे वाक्य सौम्य चौकशी म्हणून वाचले जाते, कोठे तर 'इम्प्रेशन' शब्द पाहून प्रशंसा म्हणूनही. वस्तुतः ती सभ्य पोशाखातील तक्रार आहे. काठ डॉबीचा, म्हणजे विणीतच नक्षी असलेला, येणार असे तुम्ही आम्हांला समजू दिले, तसा तो आलेला नाही, आता खुलासा करा, असा तिचा पूर्ण अर्थ आहे. ग्राहकाने 'यू प्रॉमिस्ड' असे लिहिलेले नाही एवढ्यावरून निर्धास्त राहू नये. ते त्याने पुढच्या पत्रासाठी राखून ठेवलेले असते. अशा पत्राला 'थँक यू फॉर युवर काइंड इम्प्रेशन' असे उत्तर गेले तर काय होईल, याचा विचार वाचकांनी करावा. सरांनी येथे उत्तरांचे मसुदे करून घेतले, ते एकमेकांकडून तपासून घेतले, आणि ज्याच्या उत्तरात आधी पुरावा, मग खुलासा आणि शेवटी उपाय असा क्रम होता त्याचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले.

माणसांविषयी लिहिताना उपयोगी पडणारे 'स्ट्राइक्स मी अ‍ॅज' आणि 'कम्स अक्रॉस अ‍ॅज' हे पुढच्या आठवड्यात आले. 'ही स्ट्राइक्स मी अ‍ॅज ऑनेस्ट' या वाक्यात छाप माझी आहे आणि ती झटकन पडलेली आहे. 'शी कम्स अक्रॉस अ‍ॅज कॉन्फिडंट' यात ती इतरांना कशी दिसते ते सांगितले आहे, आणि ती खरोखर तशी आहे की नाही यावर लेखकाने शब्द दिलेला नाही. महाविद्यालयांतून परदेशी प्रवेशासाठी शिफारसपत्रे लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी हे ध्यानात घ्यावे. ज्या विद्यार्थिनीला आपण चार वर्षे शिकवले तिच्याविषयी 'कम्स अक्रॉस' लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटणार की यांनी हिला एकदाच पाहिले असावे. तेथे सरळ 'इज' लिहावा. 'आय फाइंड'चे महत्त्व याच्या उलट आहे. तो वापरणाऱ्याने वस्तू वापरलेली असते किंवा माणसाबरोबर काम केलेले असते. 'आय फाइंड द हेम टू स्टिफ' असे लिहिणाऱ्या ग्राहकाने टॉवेल धुऊन, वापरून पाहिला आहे असे समजून उत्तर द्यावे.

एका रविवारी प्रोजेक्टरवर इंग्रजीचे भाषासंग्रह, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील मजकुराचे शोधता येणारे साठे, उघडून दाखवले गेले. ब्रिटिश संग्रह 10 कोटी शब्दांचा आहे आणि त्यातील सुमारे 90 टक्के मजकूर लिखित, उरलेला बोललेला आहे. अमेरिकी संग्रह 100 कोटींहून अधिक शब्दांचा असून त्यात 1990 पासूनचा मजकूर आहे. दोन्ही इंटरनेटवर पाहता येतात. 'इम्प्रेशन'च्या आधी कोणती विशेषणे येतात ते शोधल्यावर 'फर्स्ट', 'फॉल्स', 'राँग', 'लास्टिंग', 'डिस्टिंक्ट' अशी रांग समोर आली आणि आपल्या पत्रांतील लाडके 'गुड इम्प्रेशन' किती थोड्या जागी चालते ते डोळ्यांनी दिसले. 'डिस्टिंक्ट' लावले की शंका ठाम होते, हे त्या रांगेतील वाक्ये वाचतानाच कळले, कोणी सांगावे लागले नाही. नेट मध्येच बंद पडल्यामुळे हा तास अर्धवट राहिला आणि तो पुन्हा घेतला गेला नाही, हे बरोबर झाले नाही.

व्याकरणाचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. 'इट इज सीमिंग', 'आय अ‍ॅम हॅविंग द इम्प्रेशन' ही आपल्याकडची हमखास रूपे आहेत. 'दिसत आहे', 'वाटत आहे' यांच्या वळणाने ती येतात आणि प्रमाण इंग्रजीत चालत नाहीत. 'लुक्स'पुढे क्रियाविशेषण नको, विशेषण हवे. नकार द्यायचा तर तो पुढच्या वाक्यात न घालता आधीच द्यावा, म्हणजे 'आय थिंक इट इज नॉट'ऐवजी 'आय डोन्ट थिंक इट इज'. सराव पुष्कळ, स्पष्टीकरण बेताचे, आणि ते योग्यच.

आता उणिवा. वर्गाच्या पुस्तिकेत एक तक्ता आहे, ज्यात 'अपिअर' सर्वांत वर, 'सीम' मध्ये आणि 'लुक्स लाइक' तळाशी अशी औपचारिकतेची शिडी काढलेली आहे. सर स्वतः तोंडी जे शिकवतात त्याच्याशी हा तक्ता विसंगत आहे, कारण त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे निवड पुराव्यावरून करायची असते, पायरीवरून नव्हे. परंतु विद्यार्थी तोंडी बोलणे विसरतो आणि तक्ता पाठ करतो. परिणाम असा होतो की दोन महिन्यांनी बाहेर पडणाऱ्या काही जणांच्या पत्रांत प्रत्येक वाक्य 'इट वूड अपिअर'ने सुरू होऊ लागते. माल कधी निघणार एवढे विचारणाऱ्या ग्राहकाला 'इट वूड अपिअर दॅट द कंटेनर हॅज लेफ्ट' असे कळवले, तर तो घाबरून फोन करील. अति सावधपणाचा हा रोग वर्गानेच लावलेला आहे आणि त्यावर एखादा तास खर्च करणे वर्गाचेच काम आहे.

दुसरी उणीव आपल्या कार्यालयीन इंग्रजीची. पालिकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वर्गात होते. 'इट इज सीन दॅट', 'आय अ‍ॅम गिव्हन टु अंडरस्टँड' यांत काय वाईट आहे, असे त्यांनी वारंवार विचारले. प्रश्न रास्त होता. सरकारी टिप्पणीत या रचनांना निश्चित अर्थ आहे. पहिलीत फाइल पाहिल्याचा दाखला आहे, दुसरीत वरून किंवा बाहेरून कळल्याचा. सरांनी त्यांना जुनाट म्हणून बाजूला सारले. सोलापुरातील कितीतरी माणसे इंग्रजी पहिल्यांदा टिप्पणीतच लिहायला शिकली आहेत, त्यांना ही वाट कोठपर्यंत नेते आणि कोठे सोडायची ते दाखवून द्यायला हवे होते.

पुस्तिका छायाप्रतींची आहे, काही पाने तिरकी आली आहेत, शब्दसूची नाही. तिच्यातील उदाहरणे बहुतांशी लंडनमधील घरभाडे, शेजाऱ्यांच्या मेजवान्या आणि तेथील हवामान यांविषयीची आहेत. वर्गात टॉवेल, चादर, रुग्ण आणि शिफारसपत्रे आणि पुस्तिकेत लंडनचा पाऊस, हे काही जुळत नाही. शिवाय फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर हेच वाक्प्रयोग कसे उच्चारावेत याचा विचारच येथे केलेला नाही. 'आय वॉज अंडर द इम्प्रेशन' हे वाक्य कोणत्या शब्दावर जोर दिला तर खुलासा होते आणि कोणत्या शब्दावर जोर दिला तर भांडण, हे कागदावर शिकता येत नाही. लेखनवर्ग आहे, हे उत्तर मला अपुरे वाटते. आज ग्राहकाचे पत्र वाचता वाचताच त्याचा कॉल येतो.

व्यवस्थेविषयी फार लिहावे असे नाही. रविवारी सकाळी नवी पेठेत दुचाकी लावायला जागा मिळते, दहानंतर मिळत नाही. पंखे जुने आहेत आणि एप्रिल, मेमध्ये दुसऱ्या मजल्यावरील ती खोली सोसवत नाही. पारा 40 च्या वर गेलेल्या दिवसांत 'फील्स' आणि 'सीम्स' यांच्यातील भेदाकडे लक्ष लागत नाही. शुल्क शहरातील सामान्य संभाषणवर्गांपेक्षा जास्त आहे, पण ते दोन हप्त्यांत भरता येते आणि गृहपाठ खरोखर तपासून परत मिळतो, तोही नुसती लाल रेघ न ओढता शेजारी पर्याय लिहून. शहरातल्या कोणत्याही वर्गाकडून ही अपेक्षा मी तरी सोडून दिली होती.

इंग्रजी वाक्य मुळापासून शिकायचे असणाऱ्यांनी येथे जाऊ नये. त्यांची दमछाक होईल आणि तुकडीतील इतरांचा वेळही जाईल. प्रवेशाच्या वेळी कोणतीही चाचणी नसल्यामुळे असे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत येतात आणि पहिले दोन आठवडे त्यांच्या शंकांतच सरतात. परदेशी पत्रव्यवहार, शिफारसपत्रे, परदेशी परीक्षांची पत्रे किंवा मालाच्या तपासणीचे अहवाल ज्यांना नेमाने लिहावे लागतात, त्यांना मात्र हा वर्ग मी सुचवीन. आठवड्यातील संध्याकाळी भरणारी आणखी एक तुकडी आहे, परंतु तिच्यात बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी असतात आणि त्यांच्याजवळ तपासायला खरी पत्रे नसतात. रविवारच्या तुकडीत नाव घालावे, आणि ग्राहकाचे नाव खोडून आपली दोनचार जुनी पत्रे पहिल्याच दिवशी बरोबर न्यावीत. सर ती मागून घेतात आणि पुढचे तास त्यांवरच घेतात. नवी तुकडी जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेनंतर सुरू होते.